सगळ्यावर चालणारं ब्लाउज

आमच्या कॉलेजातल्या भूगोलाच्या मॅडमनी माजलगावात घर बदललं, त्या आठवड्यातली गोष्ट. समोरच्या घरातली एक वयस्कर बाई सकाळीच त्यांच्याकडं आली. डोक्यावर पदर, चेहरा रीतसर पाडलेला. मॅडम कॉलेजला निघून गेल्या होत्या. दार त्यांच्या मिस्टरांनी उघडलं. बाई आत येऊन सतरंजीवर टेकली, जरा वेळ जमिनीकडं बघत बसली आणि म्हणाली, "लई वाईट वाटलं बघा. वय बी काय फार न्हाई बाईचं. मालक कवा गेले?"

मिस्टरांना वाटलं, ही घरमालकांची चौकशी. ते म्हणाले, "परवाच गेले. पुण्याला, पोराकडं."

"पोराजवळ गेले म्हना. तेवढं तरी बरं झालं."

"हो, तिकडची हवा मानवते त्यांना. दिवाळीला येतील परत."

बाई त्यांच्याकडं बघत राहिली. दिवाळीला परत येणारे मालक तिच्या पाहण्यात नव्हते. मिस्टर साधे गृहस्थ. त्यांनी तिला चहा करून दिला आणि चहा पिता पिता उलगडा झाला की मॅडमचे मालक वारलेले नसून तेच समोर बशी धरून उभे आहेत. बाईनं चहा मात्र संपवला. जाताना दारात थांबून एवढंच विचारलं, "मग त्या पांढरं पोलकं कावून घालत्यात?"

हा प्रश्न एकट्या त्या बाईचा नव्हता. आमच्या कॉलेजात तो वर्षानुवर्षं पडून होता आणि मी तिथं मराठी शिकवायला लागले तेव्हा पहिल्याच दिवशी, हजेरीचा कागद मिळायच्या आधी, तो मला मिळाला. भूगोलाच्या मॅडम सगळ्या साड्यांवर पांढरंच, फार तर काळं, ब्लाउज का घालतात, याबद्दल स्टाफरूममध्ये तीन पक्ष होते. एक म्हणायचा, नवस असेल. दुसरा म्हणायचा, चिक्कूपणा. तिसरा पक्ष इतिहासाच्या सरांचा. ते म्हणायचे, "बाई स्वतःला फार समजती." इतिहासाच्या सरांचं कुठल्याही बाईबद्दल हेच मत असल्यामुळं ते कुणी विशेष मनावर घेत नव्हतं.

ज्यांना हा प्रश्न एवढा मोठा का होता हे कळणार नाही, त्यांनी आमच्याकडचं एखादं मॅचिंग सेंटर पाहावं. दुकान अरुंद, पण आत शिरलं की छतापर्यंत ब्लाउजपीसच्या गुंडाळ्या. एकट्या हिरव्याचे इतके पोटभेद की जीवशास्त्राच्या सरांनी हात टेकावेत. पोपटी, मेहंदी, रामा, शेवाळी, मोरपंखी, आणि प्रत्येकात पुन्हा लाइट आणि डार्क. बाई साडी घेऊन दुकानाच्या दारात उजेडाला येते, पदरावर कापड धरते, डोळे बारीक करते आणि म्हणते, "यात एक शेड वर दाखवा." लग्नासाठी मुलगा बघताना तिला कुणी एवढा उजेड दिलेला नसतो. मग फॉल, पिको, अस्तर, त्याच रंगाचा परकर. आणि एवढं करून शिवलेलं ब्लाउज जन्मभर त्या एकाच साडीला बांधलेलं. साडी विरली की तेही कपाटात मुकाट पडून राहतं, दुसऱ्या साडीकडं वर मान करून बघत नाही. आमच्या तालुक्यात एवढी निष्ठा दुसरीकडं कुठं आढळत नाही, राजकारणात तर नाहीच.

मॅडम या पंथाच्या बाहेरच्या. त्यांच्या साड्या सगळ्या सुती, एकरंगी, बारीक काठाच्या. निळी, राखाडी, मातकट, एक गडद हिरवी, एक हळदीसारखी. ब्लाउजं पांढरी आणि काळी. पायात एकाच दुकानातली एकाच नमुन्याची काळी चप्पल, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ, खांद्याला खाकी कापडी पिशवी. यातलं काहीही कशाहीबरोबर जायचं. "कपाट उघडल्यावर विचार करायला लागला, तर कपाट चुकलंय," हे त्यांचं वाक्य. त्या कपाट उघडायच्या आणि हाताला येईल ते काढायच्या. लाइट गेलेली असली तरी चालायचं, आणि ती बहुतेक वेळा गेलेलीच असायची.

ब्लाउजांचे दोन रंग का, याचं उत्तर भूगोलात होतं. माजलगावात ऋतू दोनच, असं त्या वर्गातसुद्धा शिकवायच्या. एक गळीत हंगाम आणि दुसरा उरलेला. दिवाळीनंतर साखर कारखान्यांच्या चिमण्या पेटल्या की गावावर बारीक काळी राख उतरते. वाळत घातलेले कपडे, गच्चीवरचे पापड, अंगणात झोपलेलं कुत्रं, सगळ्यांवर समान. त्या दिवसांत मॅडम काळं ब्लाउज घालायच्या. उन्हाळा लागला, चिमण्या थंडावल्या, की पांढरं. गावातल्या बाकी बायका मात्र ऐन राखेत अबोली रंगाच्या साडीला अबोली ब्लाउज घालून, खांद्यावरचे काळे ठिपके झटकत हिंडायच्या. मॅडम म्हणायच्या, "यांचं मॅचिंग साडीशी असतं. माझं हवामानाशी."

मिस्टरांनाही त्यांनी याच शिस्तीत बसवलं होतं. पांढरा शर्ट आणि खाकी पँट, बारा महिने. फॅशनच्या पुस्तकात हा जोड शोभून दिसतो म्हणतात. बीड जिल्ह्यात त्याचा अर्थ वेगळा होतो. इथं पांढरा हा रंग नसून पद आहे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट दिसला की माणसं आपोआप बाजूला सरकून वाट करून देतात. मिस्टर म्हणजे वरून पुढारी आणि खालून पोलीस. एसटी स्टँडवर अनोळखी लोक त्यांना नमस्कार घालायचे. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आमच्या सहलीची गाडी थांबली तेव्हा पोरं भुकेनं कळवळत होती आणि पहिलं ताट मिस्टरांपुढं आलं, वर मालक स्वतः येऊन विचारून गेला, "साहेब, यंदा आपल्याकडं वातावरण कसं हाय?" मिस्टर खताच्या दुकानातून निवृत्त झालेले. त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं, "ढगाळ हाय, पण पडंल असं वाटत न्हाई." मालकानं मान हलवली आणि ते भाकीत, आमच्यासमोर, पुढच्या दोन टेबलांना जाऊन सांगितलं. त्या वर्षी आमदारकीची निवडणूक होती.

माझ्यावर मॅडमचा लोभ का बसला, माहीत नाही. मी तर मॅचिंगवालीच. माझ्या बांगड्यांचे डबे रंगांप्रमाणे लावलेले. एकदा मला बीडला एका मुलाखतीला जायचं होतं. मी आदल्या दिवशी त्यांना फोनवर तीन साड्यांचे फोटो पाठवले, तिन्ही भरजरी, कुठली नेसू म्हणून. उत्तर आलं, "लग्न कुणाचं आहे?" मग त्या स्वतः घरी आल्या. माझं कपाट उघडून त्यापुढं उभ्या राहिल्या, एखाद्या पूरग्रस्त गावापुढं अधिकारी राहतो तशा. शेवटी अगदी तळातून माझी कॉलेजातली साधी निळी साडी काढली. ब्लाउज अर्थातच कधीच घट्ट झालेलं. त्यांनी आपल्या खाकी पिशवीतून पांढरं काढलं.

"हे बसेल तुला. बाजूला कापड दाबून ठेवलेलं असतं. उसवून दिलंय."

"मॅडम, पांढरं?"

"तू बोलताना त्यांनी तुझ्याकडं बघावं का ब्लाउजकडं?"

मुलाखत घेणाऱ्यांपैकी कुणी माझ्याकडं बघितलं नाही आणि ब्लाउजकडंही नाही. तिघंही फोनमध्ये बघत होते, कारण उमेदवार आधीच ठरलेला होता. मी परत येऊन हे सांगितल्यावर मॅडम म्हणाल्या, "मग भरजरी नेसली असतीस तर भरजरी वाया गेली असती."

आता त्या वर्धापनदिनाचं सांगते. त्याशिवाय मॅडमचं सांगून पूर्ण होत नाही.

आमच्या संस्थेचे अध्यक्ष, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, शिक्षणाच्या तळमळीनं भारलेले आहेत. ती तळमळ त्यांच्या घरात सगळ्यांनाच आहे, त्यामुळं कॉलेजचं कॅन्टीन पुतण्याकडं, बस भाच्याकडं आणि गणवेश मेहुण्याकडं. त्या वर्षी मेहुण्यानं साड्यांचं आणि मॅचिंगचं नवं दुकान टाकलं होतं. वर्धापनदिनाला मंत्री येणार होते. आमचे जुने प्राचार्य निवृत्त झाले होते, आणि नव्या प्राचार्यांचं नाव साहेब त्याच स्टेजवरून जाहीर करणार होते. सेवाज्येष्ठतेनं ते नाव मॅडमचं होतं. यात कुणाला शंका नव्हती, इतिहासाच्या सरांनासुद्धा. त्यांनी तर मॅडमना आगाऊ 'मॅडमसाहेब' म्हणायला सुरुवात केली होती.

कार्यक्रमाच्या आधी साहेबांनी स्टाफची मीटिंग घेतली. म्हणाले, "मंत्रीसाहेबांच्या स्वागताला आपल्या समद्या लेडीज स्टाफनं एकसारखं दिसावं. एक कुटुंब हाय आपलं. साड्या संस्थेकडून."

साड्या कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी आल्या. पोपटी, राणी रंगाचे हातभर काठ, आणि त्याच कापडाचं शिवून तयार ब्लाउज. ब्लाउज मागून उघडं, त्याला नाड्या, आणि नाड्यांच्या टोकाला घुंगरांचे लटकन. चालताना वाजायचे. इंग्रजीच्या मॅडम निवृत्तीला आल्या होत्या, त्यांनी ते ब्लाउज हातात धरून बराच वेळ पाहिलं आणि घरच्या आजारपणाच्या कारणावरून रजा टाकली.

भूगोलाच्या मॅडमनी काठ दोन बोटांत चोळून पाहिला. बोटांना रंग लागला. "ही कच्च्या रंगाची आहे. मिठाच्या पाण्यात भिजवायला पाहिजे होती," त्या म्हणाल्या. पण सकाळी आठला हजर राहायचं होतं. भिजवणार कधी आणि वाळवणार कधी.

मी त्यांच्याबरोबर घरापर्यंत चालत गेले. म्हटलं, "मॅडम, एक दिवसाचा प्रश्न आहे. घालून टाका. प्राचार्य झालात की जाळा."

"साडी नेसते ना मी. साडी संस्थेची आहे."

"आणि ब्लाउज?"

"ब्लाउज माझं."

त्या हट्टी आहेत हे मला माहीत होतं. इतक्या ऐन वेळीही असतील असं वाटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्याजणी मांडवाच्या दारात दोन रांगा करून उभ्या राहिलो. पोपटी, राणी, लटकन. दुरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, एखादं बँड पथक पुढं गेलं आणि त्यांच्या बायका मागं राहिल्यात. रांगेत मधोमध मॅडम, त्याच साडीत, त्यांच्या नेहमीच्या चापूनचोपून निऱ्या, आणि वर पांढरंशुभ्र ब्लाउज. खरं सांगायचं तर ती साडी कुणाला बरी दिसत असेल तर त्यांनाच दिसत होती. पांढऱ्यानं त्या पोपटीचं तोंड बंद केलं होतं. साहेब पुढून गेले, दोन पावलं मागं आले.

"मॅडम, तुमचं येगळं कावून हाय?"

"मला ते मागून बसत नव्हतं, साहेब."

साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण मंत्र्यांची गाडी पाटोद्याच्या पुढं आली असा फोन आल्यामुळं विषय तिथंच राहिला. ती गाडी नंतर पुष्कळ वेळ पाटोद्याच्या पुढंच होती. ऊन चढलं. मांडवात पाण्याचे फवारे मारणारे मोठे पंखे लावले होते, सध्या प्रत्येक लग्नात असतात तसे. सेवाज्येष्ठ म्हणून मॅडमना स्टेजवर बसवलं होतं आणि स्टेजवरचा पंखा बरोबर त्यांच्या डाव्या हाताला होता.

मंत्री आले, हार झाले, शाली झाल्या, भाषणं सुरू झाली. फवाऱ्यानं आम्ही सगळ्याच भिजत होतो आणि बरं वाटत होतं. रंग आमचाही सुटत होता. पण पोपटीवर पोपटी कुणाला दिसणार. मॅडमच्या पदरातून मात्र हिरवं पाणी पांढऱ्या खांद्यावर उतरलं, बाहीवर पसरलं, काठाचा राणी रंग त्यात मिसळला. मंत्र्यांचे आभार मानायला त्या माइककडं गेल्या तेव्हा त्यांचा डावा खांदा एखाद्या नकाशासारखा दिसत होता, जंगलं हिरवी आणि सीमा गुलाबी. समोर तीन-चार वार्ताहर होते. त्यांना त्या दिवसात पहिल्यांदाच फोटो काढण्यासारखं काहीतरी दिसलं.

मंत्री मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी खुर्चीतूनच, समोरचा माइक चालू आहे हे विसरून विचारलं, "अहो मॅडम, हे काय झालं?"

मॅडम वळून म्हणाल्या, "साडी संस्थेची आहे. ब्लाउज माझं आहे."

त्यात त्यांना विनोद करायचा नव्हता. विचारलेल्याचं उत्तर द्यायची त्यांना सवय होती. पण मांडव हसला. मागच्या बाकांवरची पोरं हसली, मग पाहुणे हसले, मग मंत्री हसले आणि मंत्री हसल्यामुळं सगळा जिल्हा हसायला मोकळा झाला. पहिल्या रांगेत साहेबांचे मेहुणे बसले होते. तेवढे हसले नाहीत. साहेब स्टेजवर उभे राहिले, खिशातला कागद काढला, पुन्हा आत ठेवला, आणि नवे प्राचार्य म्हणून इतिहासाच्या सरांचं नाव जाहीर केलं. सर इतके गडबडले की सत्काराचा नारळ त्यांनी साहेबांनाच परत दिला.

दुसऱ्या दिवशी मॅडम वेळेवर आल्या. राखाडी साडी, पांढरं ब्लाउज. सगळ्यांना नेहमीसारखं 'नमस्कार' म्हणाल्या, नव्या प्राचार्यांचं अभिनंदन केलं आणि नकाशांच्या खोलीत जाऊन बसल्या. मधल्या सुट्टीतही बाहेर आल्या नाहीत. मी आत गेले. त्या महाराष्ट्राचा मोठा नकाशा गुंडाळत होत्या. गुंडाळायच्या, कडा जुळल्या नाहीत म्हणून सोडायच्या, पुन्हा गुंडाळायच्या.

"मला व्हायचं होतं गं प्राचार्य," त्या माझ्याकडं न बघता म्हणाल्या. "मी ठरवून ठेवलेलं होतं काय काय करायचं. लायब्ररी संध्याकाळी उघडी ठेवायची. पोरींच्या बाथरूमला कडी लावायची. फार मोठं काही नव्हतं."

मी नकाशाची एक कड धरली. म्हटलं, "एवढं मनात होतं, तर घालायचं होतं ते ब्लाउज."

त्यांनी नकाशा खाली ठेवला. "मी घातलं होतं. आरशासमोर उभी राहिले. दोन पावलं चालले, तर लटकन वाजले. मिस्टर आतून म्हणाले, शेळी सुटली का कुणाची?" नकाशा पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "ते ऐकल्यावर नाही गं जमलं."

मी हसले. त्याही हसल्या, पण डोळे पुसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी मी त्या एकदाच पाहिलं. रंगलेलं ब्लाउज त्यांनी पुढच्या रविवारी काळ्या रंगात बुडवलं. म्हणाल्या, "गळीत हंगामाला एक वाढलं."

साहेब एवढ्यावर थांबणारे नव्हते. जूनमध्ये मॅडमची बदली झाली. संस्थेची एक शाळा लिंबागणेशच्या पुढं डोंगरात आहे. तिकडं जायला माजलगावाहून आधी बीड, मग मांजरसुंबा, मग मिळेल ते. संस्थेत कुणाला सरळ करायचं असलं की तिकडं पाठवतात. त्या शाळेला मुख्याध्यापक आहेत, पण त्यांचं मन समाजकारणात रमतं, त्यामुळं ते बहुतेक बीडलाच असतात. मॅडमनी लिंबागणेशला दोन खोल्या घेतल्या. मिस्टर बरोबर गेले. सामानाच्या टेम्पोत कपड्यांची पेटी एकच होती. टेम्पोवाल्यानं विचारलं, "बाकीचं मागून येनार का?"

मी दीड वर्षानं त्या शाळेत गेले, तेही माझ्या मर्जीनं नाही. संस्थेनं माजलगावात मुलींचं वसतिगृह बांधलं होतं आणि त्यात मुली सोडून सगळं होतं. तेव्हा आम्हा प्राध्यापकांना गावोगावी पिटाळलं, दहावीच्या मुली गोळा करून आणा म्हणून. तो गुरुवार होता. आमच्या शाळांत गुरुवारी गणवेश धुवायला टाकतात आणि मुली रंगीत ड्रेस घालून येतात. मी मनाशी म्हणत होते, रंगीत ड्रेसच्या दिवशी हजेरी अर्धी असणार. सगळीकडं असते. ज्यांच्याकडं रंगीत ड्रेस नाही किंवा दर गुरुवारी तोच आहे, त्या मुली घरी राहतात. कारण विचारलं तर पोटात दुखत होतं म्हणतात. आमच्या जिल्ह्यात मुलींची पोटं गुरुवारीच दुखतात आणि शिक्षण खात्याला त्यात काही विशेष वाटत नाही.

शाळेत पोचले तर मैदान भरलेलं. आणि कपडे असे की मला आधी काही कळेचना. एकीचा कुर्ता गणवेशाचा पांढरा आणि खाली लाल सलवार. दुसरीचा कुर्ता फुलाफुलांचा, पण सलवार गणवेशाची निळी. तिसरी पूर्ण गणवेशात, फक्त ओढणी पिवळी. सगळ्या नीटनेटक्या, आणि कुणाकडं किती कपडे आहेत हे सांगता येणं अशक्य.

मॅडम ऑफिसात बसून सांगत होत्या. "मी आले तेव्हा गुरुवारी वर्ग ओस. नववीत एक मुलगी होती, शेळ्या-मेंढ्या राखणाऱ्यांच्या घरातली. हुशार. तिचा एकच रंगीत ड्रेस, हिरवा. पोरींनी तिचं नावच हिरवी ठेवलं होतं. ती गुरुवारी यायचीच नाही. मग मी नियम काढला. गुरुवारी पूर्ण रंगीत ड्रेस चालणार नाही. अंगावर एक तरी कापड गणवेशाचं पाहिजे. प्रार्थनेच्या वेळी तिला आणि आणखी दोघींना पुढं बोलावलं आणि जोड करून दाखवले. गणवेशाची तीन कापडं, रंगीत ड्रेसची तीन. कुर्ता, सलवार, ओढणी. गणिताच्या सरांना म्हटलं, फळ्यावर मांडा. एकाच ड्रेसचे सहा जोड निघाले."

"आणि मग धुवायचं काय?"

"पांढरा धुवायला टाकला तर निळी घाला. निळी टाकली तर पांढरा घाला. पांढरा कुर्ता सगळ्यावर चालतो, हे मी किती वर्षं सांगतेय."

विरोध झाला. सरपंचांच्या मुलीनं पुण्याहून आणलेला चमकीचा ड्रेस पडून राहिला, म्हणून सरपंच स्वतः आले. मॅडमनी त्यांना सांगितलं, "चमकीची ओढणी घेऊ द्या तिला. पांढऱ्यावर छान दिसेल." सरपंच गेले. छान दिसेल म्हटल्यावर भांडण कशावरून करायचं ते त्यांना सुचलं नसावं.

पुढं हे साहेबांच्या कानावर गेलं आणि आमच्या संस्थेच्या अहवालात 'अध्यक्षांच्या कल्पनेतून साकारलेला अभिनव उपक्रम' या मथळ्याखाली साहेबांचा पानभर फोटो आला. पांढऱ्या शर्टात. मेहुण्यांच्या दुकानात त्याच महिन्यात 'गुरुवार सेट' विकायला लागला. शिक्षणाची तळमळ ती हीच. मॅडमना मी हे सांगितलं तर त्यांनी फक्त विचारलं, "रंग पक्का आहे का?"

त्या गुरुवारी आम्ही बोलत असताना एक बाई सरळ ऑफिसात आली. नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. काठी दाराला टेकवून ती जमिनीवर बसू लागली. मॅडमनी तिला खुर्ची दिली. त्या हिरव्या ड्रेसवाल्या मुलीची ती आई होती. नमस्कार-बिमस्कार न करता तिनं विषयालाच हात घातला.

"बाई, तुमी पोरीला काय शिकवलंय?"

"काय झालं?"

"गुरवारी घरी ऱ्हायाची ती. शेळ्याकडं जायाची. म्या गुरवारी बाजार करायचे, धाकट्याला दवाखान्यात न्यायचे. आता म्हनती, मपल्याला कापडं हायेत, म्या जानार. शेळ्या कुनी राखायच्या?"

मला वाटलं, मॅडम आता मुलींच्या शिक्षणावर बोलतील. पण त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या बाईचा प्रश्न अगदी बरोबर होता. शिपायानं चहा आणला. तिघींनी प्यायला.

मग मॅडमनी विचारलं, "गुरुवारी मालक काय करतात?"

"ते व्हय? बसत्यात पारावर. राजकारन असतं तितं लई."

"पोरगी दहावीला पहिली येईल माझ्या शाळेत. मी उगीच सांगत नाही. मी येते संध्याकाळी, त्यांच्याशी बोलते."

बाईनं मॅडमकडं नीट पाहिलं. वरपासून खालपर्यंत. यांचा भरवसा धरावा की नाही, हे ती बघत असावी. मग काठी उचलली. "तुमी नका येऊ. तुमच्यापुढं हो म्हनतेल अन् मागून इसरतेल. म्याच बघते." एवढं बोलून ती गेली.

दहावीच्या मुलींची नावं गोळा करायला मला आणखी एकदा तिकडं जावं लागलं. पंधरा-वीस दिवसांनी, पुन्हा गुरुवारीच. मॅडमबरोबर लिंबागणेशहून जीपनं निघाले. शाळेच्या अलीकडच्या वळणावर शेळ्यांचा कळप आडवा आला आणि जीप थांबली. कळपामागं एक उंच गडी होता. पागोटं, खांद्यावर काठी, आणि चेहऱ्यावर सभेतून उठवून आणलेल्या पुढाऱ्याचा भाव. त्यानं पोरीच्या मॅडमना ओळखलं. शेळ्या बाजूला हाकल्या आणि जीपच्या खिडकीजवळ येऊन, कुणी काही विचारायच्या आत, म्हणाला, "गुरवारी मपली पाळी हाय, बाई."

मॅडम म्हणाल्या, "बरं."

तो जीप हलेपर्यंत तिथंच उभा राहिला. मग शेळ्यांना शीळ घालून उताराला लागला.